धाकट्याचा परदेशदौरा

२ मार्च, रविवार. सकाळी ६.१०

उद्या धाकटा भाऊ हॉस्पिटलमधून घरी येतोय. पाच महिन्यांनी. म्हणून ही वही काढली. ऑफिसचीच आहे, पण पुढची दोनच पानं वापरलेली होती.

तर संकल्प. रोज पाचला उठायचं (आज सहा, पण आज रविवार). चिडायचं नाही. गोड बंद. आणि मुख्य म्हणजे लपवाछपवी अजिबात नाही. स्किझोफ्रेनिया हा आजार आहे, आजाराची कसली आलीय लाज? मधुमेह काय कोणी लपवतं? मी लपवतो, पण फक्त हिच्यापासून. आणि डॉक्टरांपासून.

लायब्ररीतून या विषयावरचं जाडजूड पुस्तक आणलंय. प्रस्तावना वाचून झाली. शेवटचं पानही. मधलं साधारण लक्षात आलं. मग आरशासमोर उभं राहून तो शब्द पाच वेळा मोठ्यांदा म्हटला. जीभ एकदाही अडखळली नाही. हिने बाहेरून विचारलं, कोणाशी बोलताय. समाजाची तयारी किती कमी आहे ते यावरून कळतं.

बिल्डिंगमध्ये मात्र धाकटा परदेशात आहे असं सांगितलेलं आहे. ही काही लपवाछपवी नव्हे. लोकांना झेपेल तेवढंच सांगावं लागतं. त्याला नेलं त्या दिवशी भर दुपारी अॅम्ब्युलन्स दारात आली, तेव्हा मी वॉचमनला म्हटलं, कंपनीची गाडी. पांढरी होती, त्यामुळे खपून गेलं. लाल दिव्याचं उत्तरही तयार होतं, पण कोणी विचारलं नाही. समोरच्या काकू तासभर जिन्यात धाकट्याचा हात धरून बसल्या होत्या खऱ्या, पण त्यांना आता कमी दिसतं.

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी

आणला. बारीक झालाय, पण नजर शांत. टॅक्सीत सगळा वेळ चष्मेवाल्याबद्दल बोलत होता. त्या दुकानात हा सोळा वर्षं भिंगं घासायचा. मालकाने निरोप पाठवलाय: जागा राखून ठेवलीय, एक एप्रिलपासून अर्धा दिवस ये, फक्त हॉस्पिटलची चिठ्ठी आण. चिठ्ठी सिस्टर देणार. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलची नर्स, दर गुरुवारी घरी येऊन बघून जाणार आहे. दोन गुरुवार नीट पार पडले की चिठ्ठी. धाकट्याने हे मला चार वेळा सांगितलं. चारही वेळा तेवढाच खूश.

निघताना सिस्टरने मला बाजूला घेतलं. म्हणाली, त्याला मधूनच नसलेलं बोलणं ऐकू यायचं. गोळ्यांनी आता जवळजवळ थांबलंय. पण शंका आली की तो विश्वासातल्या एका माणसाला विचारतो, हे आहे की नाही? त्या माणसाने खरं तेवढंच सांगायचं. आहे तर आहे, नाही तर नाही. हॉस्पिटलात तो तिलाच विचारायचा. घरी कोणाला विचारशील असं तिने म्हटलं, तर म्हणाला, दादाला.

मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, सिस्टर, सव्वीस वर्षं वजनमापे निरीक्षक आहे. बाजारात माझी चाहूल लागली की काटे आपोआप सरळ होतात. पाच ग्रॅमची खोट मला चालत नाही. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. प्रभावित झाली असावी.

घरी येताच सगळ्या सुऱ्या माझ्या वजनांच्या पेटीत घालून कुलूप लावलं. भीती म्हणून नाही. हे लोक धोकादायक नसतात, उलट तेच बिचारे घाबरलेले असतात, असं प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय. पण प्रस्तावना म्हणजे अख्खं पुस्तक नव्हे. ही टोमॅटो हाताने फाडत होती. धाकट्याने ते पाहिलं आणि मला विचारलं, दादा, घरात सुऱ्या आहेत की नाही? मी म्हटलं, धार लावायला दिल्यात. हिने हातातला टोमॅटो जरा जोरातच दाबला.

उद्यापासून पाचला.

४ मार्च, मंगळवार

सव्वासातला उठलो. धाकट्याला फिरायला नेलं. चाळीस पावलं पुढे गेलो नाही तोच काकू दुधाच्या पिशव्या घेऊन समोर. प्रेमाने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, परदेशची हवा मानवली का रे बाबा?

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. घरी आल्यावर दार लावून हळूच विचारलं, दादा, काकू मला परदेशाबद्दल काही म्हणाल्या, आहे की नाही?

आता काय सांगणार? हो म्हटलं तर परदेशाचं सगळं रामायण सांगावं लागणार, तेही पहिल्याच दिवशी. माणसाला ताण नको. मी म्हटलं, नाही. काहीच म्हणाल्या नाहीत. त्याने खिशातलं सिस्टरने दिलेलं कार्ड काढून त्यावर एक खूण केली (नसलेलं ऐकू आलं की एक खूण) आणि गोळी वेळेवर घेतली. किती शहाणा आहे.

हे खोटं नव्हे. तात्पुरती गैरसोय आहे. काट्याला पासंग असला तर आपण दुसऱ्या पारड्यात खडा ठेवतोच की.

संध्याकाळी जुन्या बाजारातून सुटकेस आणली. मोठी, चाकांची, विमान कंपनीचं लेबल चिकटलेली. परदेशातून आलेला माणूस दोन कापडी पिशव्या घेऊन आला, हे कोणाच्या तरी लक्षात आलं असणार. मुद्दाम लिफ्ट सोडून जिन्यानेच वर नेली, दणादण आपटत. तिसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर मदतीला धावले. उचलून म्हणाले, साहेब, बरीच हलकी आहे. मी म्हटलं, तिकडचं कापड हलकं असतं.

५ मार्च, बुधवार

हेडमास्तर नकाशांचं पुस्तक घेऊन आले. रिटायर झाल्यापासून त्यांना ते उघडायला निमित्तच मिळालेलं नाही. म्हणाले, दाखवा, कुठे होता आमचा हिरो. पंचाईत अशी की काकूंना मी बर्फाचा देश सांगितला होता आणि हेडमास्तरांना वाळवंट. त्या दिवशी फार उकडत होतं, म्हणून वाळवंट तोंडात आलं. शेवटी म्हटलं, मध्येच बदली झाली. हेडमास्तरांनी गंभीरपणे मान डोलावली आणि दोन्हीकडे पेन्सिलने टिंब काढलं. कसा लगेच विश्वास बसतो लोकांचा. मला कधी कधी माझीच भीती वाटते.

ते गेल्यावर धाकटा आतून आला. म्हणाला, मला ऐकू आलं की मी वाळवंटात होतो. हे आहे की नाही? मी म्हटलं, हेडमास्तर पेपर मागायला आले होते.

दुसरी खूण.

६ मार्च, गुरुवार

सिस्टर आली. धाकट्याने शाळेतल्या मुलासारखं कार्ड पुढे ठेवलं. तीन खुणा. (तिसरी वॉचमनची. त्याने विचारलं होतं, तिकडे लिफ्ट चालू असते का.) त्याने सगळं खरं खरं सांगितलं. ओळखीच्याच माणसांचे आवाज येतात, मी परदेशात गेलो होतो म्हणतात, दादाला विचारलं तर दादा म्हणतो, कोणी काही बोललं नाही.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. एका कोपऱ्यात पोपडे आलेत, रंग काढायला हवा.

ती म्हणाली, काळजी करू नका, असं होतं कधी कधी. पुढच्या गुरुवारपर्यंत असंच राहिलं तर डॉक्टर गोळी वाढवतील, कदाचित आठ-दहा दिवस परत न्यावं लागेल. आणि दुकानाची चिठ्ठी मग लांबणार. धाकटा म्हणाला, बरं. एवढंच. उठून त्याने सिस्टरचा कप विसळून ठेवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन सहा बिस्किटं खाल्ली. ही माझ्या पाठीमागे उभी होती ते मला सहाव्या बिस्किटाला कळलं. बिस्किटांबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाली, "तुम्ही त्याला सांगताय, की मी सांगू?"

मी म्हटलं, मीच सांगणार. थोरला मी आहे. उद्या नक्की.

७ मार्च, शुक्रवार

आज सांगायचं होतं, पण बाजारात तपासणी निघाली. एका भाजीवाल्याच्या काट्याखाली लोहचुंबक सापडलं. किलोमागे साठ ग्रॅम खातो. त्याला रस्त्यात उभा करून अर्धा तास झापला. म्हटलं, अरे, लोक तुझ्या काट्यावर भरवसा ठेवून पिशवी पुढे करतात. त्यांनी खात्री करायला आणखी कुठे जायचं? बिचारा रडायला लागला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, इतकं चांगलं बोललो.

घरी आलो तो पार थकून. अशा अवस्थेत नाजूक विषय काढू नये. उद्या.

८ मार्च, शनिवार

जबरदस्त प्लॅन सुचला. सांगायची गरजच नाही. लोकांनी परदेशाचं नावच काढलं नाही, तर धाकट्याला ऐकू येणार नाही, कार्डावर खूण होणार नाही, गुरुवारी सिस्टर चिठ्ठी देणार. सगळे खूश. बारा घरं फिरलो. प्रत्येकाला दारातच हळू आवाजात सांगितलं, त्याच्यासमोर परदेशाबद्दल चकार शब्द नको, कंपनीचं गुपित आहे. सगळे लगेच हो म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलाने तर माझा हात हातात घेतला आणि विचारलं, तुमची झोप कशी आहे? माणूस तुसडा आहे असं वाटायचं. माणसं ओळखायला वेळ लागतो.

गोड पूर्ण बंद. संध्याकाळी काकूंकडे आग्रह झाला, तो मोजत नाही.

१० मार्च, सोमवार

प्लॅनमध्ये किंचित दुरुस्ती हवी.

आता धाकटा जिन्यात आला की सगळे गप्प होतात. काल हेडमास्तर आणि काकू जोरजोरात हसत होते, हा दिसताच दोघांनी तोंडाला हात लावला. वॉचमन तर पाठ करून भिंतीकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं, बघितलं तर बोलावंसं वाटेल. धाकट्याने विचारलं, दादा, मला बघून लोक बोलायचं थांबतात, आहे की नाही?

मी म्हटलं, छे, उगाच काहीतरी.

आज तो फिरायला आला नाही. खिडकीचा पडदा ओढून बसला. ही त्याच्याजवळ बसून शेंगा सोलत होती. मग पेटीचं कुलूप माझ्याकडून उघडून घेतलं, एक सुरी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, भाऊजी, तेवढा कोबी चिरा. त्याने इतका बारीक चिरला की बघत राहावं. भिंगं घासणाऱ्याचा हात आहे तो. मग त्याने मला विचारलं, सुऱ्या पेटीत होत्या का? मला नेमका तेव्हाच ऑफिसचा फोन आला. आला नव्हता, पण मी उचलला.

१२ मार्च, बुधवार

आज काही लिहिणार नव्हतो.

धाकट्याला माळ्यावर सुटकेस सापडली. लेबल वाचत बराच वेळ उभा होता. म्हणाला, कोणाची आहे? मी म्हटलं, घरातलीच. म्हणजे माझी? मी म्हटलं, एका अर्थी.

मग तो खाली बसला. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"दादा, मी पाच महिने कुठे होतो?"

मला उत्तर माहीत होतं. मीच पोचवून आलो होतो. दर रविवारी तीन बस बदलून भेटायला मीच जायचो, आणि शेजाऱ्यांना सांगायचो की काट्यांच्या सर्व्हिसिंगचा क्लास लावलाय. तोंड उघडलं आणि म्हटलं, तू आधी जेवून घे. याच्यापेक्षा हलकं माप मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण ते केवळ वेळेअभावी.

जेवून झाल्यावर त्याने त्याच सुटकेसमध्ये कपडे भरायला घेतले. शर्ट नीट घड्या घालून, गोळ्यांचा डबा वर. म्हणाला, उद्या सिस्टरबरोबरच जातो, तिला दोन फेऱ्या नकोत. चष्मेवाल्याला तू निरोप दे. जागा अडकवून ठेवू नका म्हणावं.

हिने मला जेवायला वाढलं नाही. मी मागितलंही नाही.

१३ मार्च, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

सिस्टर आली, कार्ड पाहिलं, सात खुणा. डॉक्टरांना फोन केला. जायचं ठरलं. धाकट्याने सुटकेस उचलली. लिफ्ट बंद, म्हणून आम्ही सगळे जिन्याने. मी मागे. मनात ठरवत होतो की खाली पोचल्यावर सांगू. मग, टॅक्सीत सांगू. मग, फोन करून सांगू.

दुसऱ्या मजल्यावर काकू, हेडमास्तर आणि वकील उभेच होते. सुटकेस पाहून काकूंना राहवलं नाही. कंपनीचं गुपित विसरून म्हणाल्या, अरे, लगेच परत परदेशी निघालास?

धाकटा थांबला. सुटकेस पायरीवर ठेवली. काकूंकडे नाही, सिस्टरकडेही नाही, माझ्याकडे वळला.

"दादा, काकू आत्ता काही बोलल्या. आहे की नाही?"

वॉचमनही खालून मान वर करून बघत होता. सिस्टर माझ्याकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं असणार, कारण तिच्या हातातलं पेन थांबलं होतं. मला एकदम तो भाजीवाला आठवला. का कोण जाणे.

"आहे," मी म्हटलं. "बोलल्या. मागेही बोलल्या होत्या. हेडमास्तरही बोलले, वॉचमनही. तुला सगळं बरोबर ऐकू येत होतं. तू हॉस्पिटलमध्ये होतास. तुला स्किझोफ्रेनिया आहे आणि मला लाज वाटत होती."

आवाज जरा मोठा निघाला. वरच्या मजल्यांवरची दारं उघडली.

धाकटा हळूच पायरीवर बसला. सिस्टरला म्हणाला, म्हणजे सातही नव्हत्या? तिने कार्ड घेऊन सातही खुणा एकेक करून खोडल्या. तो रडत होता की हसत होता ते मला सांगता येत नाही. दोन्ही असावं. मी जवळ गेलो, तर हात धरला नाही, पण सरकून जागा दिली.

मी बिल्डिंगकडे वळलो. म्हटलं, आता तुम्हाला धक्का बसला असेल.

तर काकू म्हणाल्या, "अरे बाबा, अॅम्ब्युलन्सला फोन मीच केला होता ना. तू तेव्हा घरात त्याचं ओळखपत्र शोधत होतास."

वॉचमन म्हणाला, गाडी मागे घ्यायला मीच हात दाखवला. गाडीवर हॉस्पिटलचं नाव हे एवढालं. मग हेडमास्तरांनी घसा साफ करून सांगितलं की पाच महिन्यांपूर्वी गच्चीवर सगळ्यांची मीटिंग झाली होती. साहेब भावाच्या आजारपणाने खचलेत, परदेश-परदेश करतायत, तर त्यांना कोणी खोडून काढायचं नाही, असं एकमताने ठरलं. धाकट्यालाही डॉक्टरांनी तसंच बोलायला सांगितलं असेल, असं त्यांनी धरलं. म्हणून सगळे त्याच्याशीही परदेशाचंच बोलायचे. वकिलाने एका मानसोपचाराच्या पुस्तकात वाचलं होतं म्हणे. प्रस्तावना वाचली असणार.

म्हणजे माझी झोप त्याने म्हणून विचारली होती.

सिस्टरला जिन्याचा कठडा धरावा लागला. पाच मिनिटं तिला बोलताच येईना, नुसती हसत होती. वकिलाने मात्र मध्येच विचारलं, तसं घाबरण्यासारखं काही नाही ना, मुलंबाळं असतात. काकू म्हणाल्या, चार वर्षं तुमची स्कूटर जिन्याखाली आडवी लावलेली आहे, दोघं पडले तिच्यावरून, या मुलावरून कोण पडलंय? त्यावर वकील स्कूटर हलवायला गेला.

सुटकेस वर परत आली. या वेळी खरंच जड होती.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ७

साडेआठला उठलो.

चिठ्ठी मिळाली. एक एप्रिलपासून दुकान. धाकट्याने ती फ्रीजवर लावलीय आणि येता-जाता वाचतो. पडदे उघडे आहेत. सुऱ्या ओट्यावर आहेत.

सिस्टरने कार्डात बदल केला. 'कोणाला विचारायचं' या रकान्यातलं दादा हे नाव खोडून काकू लिहिलंय. मी म्हटलं, सिस्टर, हा सव्वीस वर्षांच्या सेवेचा अपमान आहे. ती म्हणाली, सहा महिन्यांनी परत तपासणी करू, काटा सरळ दिसला तर शिक्का मारू. मला सहा महिने काही जास्त वाटत नाहीत. काकूंना कमी दिसतं असं मी म्हणालो, तर धाकटा म्हणाला, ऐकू नीट येतं.

घरात आता खरं बोलायची साथच आलीय. दुपारी हिने धाकट्याला विचारलं, दादा बिस्किटं खातात की नाही? तो म्हणाला, खातो, तांदळाच्या डब्यामागे आहेत. बिस्किटं गेली. उद्या डॉक्टरकडे रक्त तपासायला. पुस्तकही लायब्ररीत परत करायचं आहे. मधला भाग राहिलाच.

आत्ता जिन्यात हसण्याचा मोठा आवाज येतोय. वाळवंट, बर्फ, असं काहीतरी ऐकू येतंय. माझ्या मनात आलं, हे खरंच आहे, की गेल्या आठवड्याच्या ताणाने मला तसं वाटतंय? धाकटा शेजारी चष्मा पुसत बसला होता. त्याला विचारलं, जिन्यात कोणी हसतंय, आहे की नाही?

तो उठला. दार उघडून नीट ऐकलं. बाहेर वाकून कोण कोण आहे तेही पाहिलं. मग आत येऊन माझ्यासमोर बसला.

"आहे, दादा. चौघं आहेत. तुलाच हसतायत."

सव्वीस वर्षं काटे तपासले, इतकं चोख माप मला कोणी दिलं नव्हतं. मग तो म्हणाला, चल, आपणही जाऊ, हेडमास्तर नकाशा घेऊन आलेत. चप्पल शोधतोय.